बस्तिगत कर्करोगाचे रेण्वीय मार्कर : वैद्यांनी काय समजून घ्यावे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत चिकित्साव्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना एक रुग्ण चांगला परिचित असतो. वय साठीच्या आसपास, बहुधा पुरुष, बहुधा अनेक वर्षे विडी ओढणारा. तक्रार एका वाक्यात संपते : लघवीवाटे रक्त जाते, पण दुखत काही नाही. आपण आहार-विहार विचारतो. उन्हातान्हातील काम, तिखट-खारट जेवण, पाणी कमी पिणे ही कारणे सहज हाती लागतात. अधोग रक्तपित्त, पित्तज मूत्रकृच्छ्र अथवा अश्मरी असे निदान होते. चंद्रकला रस, उशीरासव, गोक्षुरादि गुग्गुळ, दूर्वांचा स्वरस यांपैकी काही योजना केली जाते, आठ-दहा दिवसांत मूत्र निर्मळ होते आणि रुग्णाप्रमाणेच वैद्याचेही समाधान होते. या समाधानाविषयी आम्हांस काही लिहावयाचे आहे.

मूत्राशयाच्या कर्करोगातील रक्तस्राव हा खंडित स्वरूपाचा असतो. तो येतो, दोन-चार दिवस राहतो आणि औषध दिले अथवा न दिले तरी आपोआप थांबतो. पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो. कधी तीन आठवड्यांनी, कधी चार महिन्यांनी. मधल्या काळात मूत्र डोळ्यांना पूर्ण स्वच्छ दिसते. अशा व्याधीत औषधाला मिळणारे यश हे काकतालीय न्यायाचे असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि श्रेय उशीरासवाला जाते. या रोगाचे निदान होते तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत गाठ मूत्राशयाच्या आतील अस्तरापुरती किंवा त्याच्या लगतच्या थरापुरती असते. ती दुर्बिणीद्वारे खरवडून काढता येते आणि मूत्राशय वाचतो. तीच गाठ स्नायूच्या थरात उतरली की अनेकदा संपूर्ण मूत्राशय काढण्याची वेळ येते. या दोन अवस्थांमधला काळ कोठे खर्ची पडतो, याचा आपण प्रामाणिकपणे विचार केला तर त्याचा काही भाग आपल्याच चिकित्सालयांत खर्ची पडतो, असे दिसून येईल.

येथे कोणी असे म्हणेल की, हा सगळा आधुनिक शास्त्राचा विचार झाला. तसे नाही. लाल मूत्र दिसले की एकच नाव देऊन मोकळे होऊ नये, ही शिस्त मुळात चरकाचार्यांची आहे. प्रमेहाची पूर्वरूपे झालेली नसताना हळदीच्या रंगाचे अथवा रक्तवर्ण मूत्र होत असेल तर त्यास प्रमेह म्हणू नये, तो रक्तपित्ताचा प्रकोप समजावा, असा स्पष्ट व्यवच्छेद प्रमेहचिकित्सेच्या अध्यायात आहे. लक्षण एक, हेतू भिन्न, म्हणून नाव भिन्न. त्याच आचार्यांनी बलवान रुग्णाच्या रक्तपित्तात प्रारंभीच रक्त अडवू नये असेही सांगितले आहे. शिर आणि हृदय यांच्या जोडीला बस्तीस त्रिमर्मांत स्थान देणाऱ्या ग्रंथाचे आपण वारस आहोत. त्या मर्मातून रक्त येत असताना कारण न शोधता स्तंभन करणे हे आपल्याच शास्त्राला धरून होत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळांचे प्रतिनिधी तालुक्याच्या गावीही चाचण्यांच्या लांबलचक याद्या घेऊन येऊ लागले आहेत. रुग्णांच्या पिशवीतून निघणाऱ्या कागदांवर एनएमपी-२२, फिश, एफजीएफआर-३, पी-५३ असे शब्द दिसतात आणि रुग्ण ते आपल्यापुढे ठेवून विचारतो, ‘यात काय लिहिलंय?’ त्याला उत्तर देता यावे एवढ्यापुरते तरी आपण हे समजून घेतले पाहिजे. आमच्या मते त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, या चाचण्यांचा गैरवापर आपल्याच हातून होण्याचा संभव आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

रेण्वीय मार्कर म्हणजे रोगाच्या पेशींत घडलेल्या सूक्ष्म बदलाची मोजता येणारी खूण. ती मूत्रात, रक्तात अथवा काढलेल्या गाठीत शोधली जाते. मूत्रातील पेशी काचपट्टीवर पाहून मूत्रमार्गाचा कर्करोग ओळखण्याची पद्धत पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी १९४५ मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. रेण्वीय युग मात्र १९८२ मध्ये सुरू झाले आणि ते याच अवयवापासून, हे विशेष. मूत्राशयाच्या कर्करोगातून वाढवलेल्या टी-२४ नावाच्या पेशींमध्ये मनुष्यातील पहिले कर्कजनुक सापडले. एच-रास या जनुकातील केवळ एक अक्षर बदलले होते, त्यामुळे प्रथिनातील ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन आले होते. हजारो अक्षरांतील एका अक्षराने सौम्य पेशी उन्मत्त व्हावी, ही कल्पना त्या काळी शास्त्रज्ञांनाही चकित करणारी होती.

या संदर्भात अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांची कथा प्रत्येक वैद्याने माहीत करून घ्यावी अशी आहे. १९६७ मध्ये त्यांच्या लघवीत रक्त आले. तपासण्या झाल्या, काचपट्टीवरील पेशी पाहिल्या गेल्या, पण तज्ज्ञांचे एकमत होईना. पुढे काही वर्षे अशीच संशयात गेली. १९६८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही त्यांनी त्या काळात लढवली. १९७६ मध्ये आत घुसलेल्या कर्करोगामुळे त्यांचा मूत्राशय काढावा लागला आणि जानेवारी १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मूत्राचा १९६७ मधील नमुना जपून ठेवलेला होता. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्या जुन्या नमुन्यातील पेशींची तपासणी केली, तेव्हा पी-५३ या जनुकातील जो दोष १९७६ च्या गाठीत होता तोच नऊ वर्षांपूर्वीच्या मूत्रातही सापडला. रोग तेथेच होता. तो वाचण्याची लिपी तेव्हा अवगत नव्हती. एवढ्या सामर्थ्यवान देशातील एवढ्या मोठ्या पदावरील माणसाची ही कथा असेल तर जतच्या किंवा माणच्या शेतकऱ्याविषयी काय बोलावे!

अशीच आशा वाढवणारा दुसरा अभ्यास इराणच्या गोलेस्तान प्रांतातला, २०२० सालचा. तेथे निरोगी असताना घेऊन ठेवलेल्या मूत्राच्या नमुन्यांत, ज्यांना पुढे मूत्राशयाचा कर्करोग झाला त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांत, टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागातील दोष आधीच सापडला. काहींत तर तो निदानाच्या दहा वर्षे आधी होता. ज्यांना रोग झाला नाही त्या तुलनेच्या गटात एकाच्याही मूत्रात तो आढळला नाही. आपल्या परिभाषेत बोलायचे तर व्यक्तावस्थेच्या कितीतरी आधी दोषदूष्यसंमूर्च्छनेची खूण मूत्रात उमटली होती. षट्क्रियाकालाचे महत्त्व सांगणाऱ्या आपल्या मंडळींना याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘जवळपास निम्म्यांत’ या शब्दांकडे वाचकांनी पुन्हा पाहावे. उरलेल्या निम्म्यांत ती खूण नव्हती, आणि रोग त्यांनाही झालाच.

हाच मुद्दा आकड्यांनी अधिक स्पष्ट होतो. एनएमपी-२२ हे पेशीकेंद्रातील प्रथिन मूत्रात मोजण्याची चाचणी दवाखान्यातच अर्ध्या-पाऊण तासात करता येते. अमेरिकेत ती १९९६ पासून मान्यताप्राप्त आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लघवीत रक्त येणे वा तत्सम कारणामुळे जोखीम असलेल्या १३३१ व्यक्तींची ही चाचणी आणि सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून केलेली तपासणी, अशा दोन्ही करण्यात आल्या. ७९ जणांना कर्करोग निघाला. त्यांपैकी ४४ जणांत चाचणी सकारात्मक होती. म्हणजे ३५ जण सुटले. काचपट्टीवरील पेशीपरीक्षेचा हिशेब याहून वाईट. तिने ७६ पैकी १२ च ओळखले. आता दुसरी बाजू पाहा. ज्यांना कर्करोग नव्हता त्यांच्यापैकी सुमारे १८० जणांतही एनएमपी-२२ सकारात्मक आले. म्हणजे चाचणी सकारात्मक आलेल्या पाच जणांमागे चौघे कर्करोगमुक्त होते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, पहिल्या सिस्टोस्कोपीत न दिसलेले चार कर्करोग या चाचणीमुळे लक्षात आले. चाचणी निरुपयोगी नाही. ती एकटी पुरेशी नाही.

खोट्या सकारात्मकतेचे कारण आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मूत्राशयात खडा असेल, जंतुसंसर्ग असेल, नुकतीच नळी घातली असेल, तर अस्तराच्या पेशी मोठ्या प्रमाणात झडतात आणि मूत्रातील प्रथिनांवर आधारलेल्या चाचण्या फसतात. मुतखड्याचे रुग्ण आपल्याकडे रोजच येतात. अशा रुग्णाची ही चाचणी करून घेऊन त्याला कर्करोगाच्या भीतीने महिनाभर झोप लागू न देणे हे काही चिकित्सेचे काम नव्हे. गुणसूत्रांवर चमकणारे रंग लावून पाहण्याची फिश ही चाचणी या बाबतीत बरी. ती तीन, सात व सतरा या गुणसूत्रांची संख्या आणि नवव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याचा लोप पाहते. तीव्र प्रकारच्या गाठीत ती चांगली काम करते. परंतु ती खर्चिक आहे आणि सौम्य प्रकारची गाठ तिलाही हुलकावणी देते.

म्हणूनच जगातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांत आजही मूत्रातील कोणत्याही मार्करला सिस्टोस्कोपीची जागा दिलेली नाही. दृश्य रक्तस्राव झालेल्या प्रौढ रुग्णात दुर्बिणीची तपासणी आणि मूत्रवह संस्थेचे चित्रण यांना पर्याय नाही. आपण लक्षात ठेवावयाची गोष्ट ही. मार्कर ‘आहे’ म्हणाला तर दुर्बीण लागतेच, आणि ‘नाही’ म्हणाला तरी दुर्बीण लागतेच.

आता वर उल्लेखिलेल्या गैरवापराकडे येऊ. दुर्बिणीची तपासणी कोणालाच आवडत नाही. गाठ काढून झाल्यावर पहिली तपासणी तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षानुवर्षे ठरावीक अंतराने करावी लागते, कारण या रोगात निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ पुन्हा उद्भवते. दोन-तीन खेपा झाल्या की रुग्ण कंटाळतो. प्रत्येक वेळी एसटीचा प्रवास, सोबतीला मुलगा, त्याचा बुडालेला रोज, आणि शिवाय संकोच. मग तो आपल्याकडे येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, दुर्बीण नको, तुमचं औषध द्या.’ आपण औषध देतो. सहा महिन्यांनी लघवीची एखादी चाचणी नकारात्मक येते आणि तो कागद आपल्या औषधाचे प्रमाणपत्र ठरतो. चिकित्सालयाच्या भिंतीवर तो लागतो, व्याख्यानांत त्याचा उल्लेख होतो, प्रसंगी आपल्याच परिसंवादांत त्याचा शोधनिबंध होतो. ज्या चाचणीने ७९ पैकी ३५ कर्करोग ओळखले नाहीत तिचा एक नकारात्मक अहवाल हा रोगमुक्तीचा पुरावा कसा होऊ शकतो? यापेक्षा सुताने स्वर्ग गाठणे सोपे.

सांगलीच्या संदर्भात हळदीचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या बाजारपेठेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. कर्क्युमिनमुळे काचपात्रातील कर्कपेशी मरतात, असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. पण काचपात्रातील पेशीवर ओतलेले द्रव्य आणि पोटात घेतलेले द्रव्य यांत महदंतर आहे. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. मूत्राशयापर्यंत त्यातील किती पोहोचते हा प्रश्न सोडवल्याशिवाय ‘हळदीने कर्करोग बरा होतो’ असे म्हणणे हा हळदीचाही अपमान आहे. हरिद्रेचे प्रमेहातील स्थान ग्रंथोक्त आहे. तेवढे तिला पुरेसे आहे.

साध्यासाध्यविचारात मात्र मार्कर खरोखर उपयोगी पडू लागले आहेत. मूत्राशयाच्या गाठी साधारणपणे दोन वाटांनी जातात असे संशोधनातून दिसून आले. एका वाटेवरील गाठी केसाळ, वरवरच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या पण सहसा आत न घुसणाऱ्या असतात. त्यांत एफजीएफआर-३ या जनुकाचा दोष बहुसंख्येने आढळतो. दुसऱ्या वाटेवरील गाठी सपाट अथवा घट्ट, लवकर स्नायूत शिरणाऱ्या. त्यांत पी-५३ चा दोष प्रामुख्याने दिसतो. ही विभागणी काटेकोर नाही, पण दोन रुग्णांची सारखीच दिसणारी गाठ एकाला दहा वर्षे केवळ त्रास देते आणि दुसऱ्याचा वर्षभरात घात करते, याचा काही उलगडा तिने होतो. २०१४ मध्ये १३१ आणि २०१७ मध्ये ४१२ स्नायूगत गाठींच्या संपूर्ण जनुकीय अभ्यासातून त्यांचे आणखी पोटप्रकार निश्चित झाले. एफजीएफआर-३ चा दोष असलेल्या वाढलेल्या रोगासाठी एर्डाफिटिनिब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. म्हणजे गाठीतील मार्कर आता केवळ भाकीत सांगत नाही, औषधही निवडतो. सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य, प्रत्याख्येय हे चार प्रकार चिकित्सेपूर्वी ठरवावेत हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतो. येथे तोच विचार दुसऱ्या साधनांनी चालला आहे. त्याकडे तुच्छतेने पाहण्याचे काही कारण नाही, आणि ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याचेही नाही. पी-५३ आमच्याकडे नव्हते.

हेतुविचार हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग होय, कारण तो आपल्या औषधी कपाटापर्यंत येऊन पोहोचतो. ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या एका उपचारकेंद्रात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात असत. त्या घेतलेल्या स्त्रियांचे वृक्क झपाट्याने निकामी होऊ लागल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. शोध घेता असे आढळले की, स्टेफानिया या वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती वापरली गेली होती. दोहोंची चिनी नावे जवळजवळ सारखी, ‘फांग-जी’ या शब्दाने संपणारी. संदिग्ध द्रव्याचा प्रश्न म्हणून आपण जो निबंधात लिहितो तो येथे माणसांच्या जिवावर बेतला. २००० मध्ये अशा ३९ रुग्णांची निकामी वृक्के व मूत्रवाहिन्या प्रतिबंधक उपाय म्हणून काढून तपासली असता १८ जणांत अस्तराचा कर्करोग आधीच झालेला निघाला, १९ जणांत पेशींची विकृती सुरू झाली होती, आणि केवळ दोघे निर्दोष होते. हे अस्तर म्हणजे मूत्राशयाच्याच अस्तराचा वरचा भाग. पुढे त्यांपैकी काहींत मूत्राशयातही रोग झाला.

रेण्वीय मार्करचे सामर्थ्य येथे दिसते. ॲरिस्टोलोकिक आम्ल पेशीतील डीएनएला चिकटते, ती गाठ वर्षानुवर्षे ओळखता येते, आणि त्यामुळे जनुकांत विशिष्ट प्रकारचे अक्षरबदल होतात, ज्यात ॲडेनिनच्या जागी थायमिन येते. वीस वर्षांनी झालेल्या गाठीतही हा ठसा वाचता येतो. रुग्ण विसरला, वैद्य दिवंगत झाला, चिठ्ठी हरवली, तरी गाठ सांगते की त्याने काय सेवन केले होते. बाल्कन देशांतील नदीकाठच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या दिसणाऱ्या वृक्करोगाचे आणि तैवानमधील अनेक कर्करोगांचे कोडे याच ठशाने सुटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने या कुळातील वनस्पतींचा समावेश मनुष्यास निश्चित कर्करोगकारक अशा वर्गात केला आहे.

आपल्याकडची ईश्वरी, जिला सह्याद्रीच्या परिसरात सापसण म्हणतात, ती याच कुळातील, आणि कीटमारीही. सर्पदंशावर, कृमींवर, अनार्तवावर, ज्वरावर यांचा लोकवापर जुना आहे. ‘वनस्पती आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य या दोन वनस्पतींच्या बाबतीत उच्चारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंतर्गत प्रयोगासाठी त्या चिकित्सालयात ठेवूच नयेत. गावातील औषधीविक्रेता मूळ कोणते म्हणून देतो ते पारखून घ्यावे. आणि लाल मूत्राच्या प्रत्येक रुग्णाला पूर्वी कोणती झाडपाल्याची औषधे घेतली, हे विडीइतक्याच कसोशीने विचारावे. सोमल, हरताल, मनःशिला यांविषयीही दोन शब्द. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकाने मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे तैवान व चिली येथील अनुभवाने सिद्ध झाले आहे. शोधन-मारणाने द्रव्य निर्दोष होते हा आपला सिद्धांत असेल, तर तो रुग्णाच्या मूत्रातील आर्सेनिक मोजून दाखवता आला पाहिजे. नुसत्या उच्चाराने तो सिद्ध होत नाही.

तरीही आपल्या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर सर्वांत मोठा हेतू धूम्रपान हाच. या रोगाचे जवळपास निम्मे ओझे धुराचे आहे. कृष्णाकाठापासून निपाणीचा तंबाखूचा मुलूख दूर नाही आणि विडी आपल्या खेड्यांत अजून विझलेली नाही. धुरातील ॲरोमॅटिक अमाइन नावाची द्रव्ये मूत्रातून बाहेर पडतात आणि जाता जाता मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतात. हीच द्रव्ये रंगांच्या कारखान्यांतही होती. जर्मन शल्यविशारद रेन यांनी १८९५ मध्ये फ्रँकफर्ट येथे फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या, तेव्हापासून हा संबंध ज्ञात आहे. यंत्रमागाच्या गावांत रंगाईचे काम केलेल्या वृद्ध रुग्णाचा व्यवसाय विचारल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. कोकणात काम केलेल्या वाचकांना गिमवीचे नाव कदाचित आठवेल. रत्नागिरी जिल्ह्यातील या गावात मूत्रातून रक्त आणणाऱ्या शिस्टोसोमा कृमीचे केंद्र गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये शोधून काढले होते. इजिप्तमध्ये याच कृमीमुळे मूत्राशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होत असे. गिमवीचे केंद्र पुढे निवळले, पण लाल मूत्रामागे काय काय असू शकते याचे ते आपल्या घराजवळचे उदाहरण.

एकाच बिडीच्या कट्ट्यातून दोघे भाऊ ओढतात आणि रोग एकालाच होतो. याचे काही उत्तर वंशागत मार्करमध्ये आहे. ॲरोमॅटिक अमाइनचे विष निष्प्रभ करणारे नॅट-२ हे वितंचक ज्यांच्यात मंद असते, अथवा जीएसटीएम-१ हे जनुक ज्यांच्यात मुळातच नसते, त्यांना हा धोका काहीसा अधिक असतो. प्रकृतिविचार करणाऱ्यांना हे आकर्षक वाटेल. मात्र एवढ्यावरून मंद ॲसिटिलेटर म्हणजे अमुक प्रकृती असे समीकरण मांडणे हा बादरायण संबंध ठरेल. तो मांडावयाचाच असेल तर शेकडो रुग्णांची प्रकृतिपरीक्षा आणि जनुकपरीक्षा एकमेकांपासून झाकून करावी लागेल. या कामासाठी साधने फार दूर नाहीत. कराड येथील कृष्णा वैद्यकीय संस्थेतील, म्हणजे आजच्या कृष्णा विश्व विद्यापीठातील संशोधकांनी आपल्याच भागातील स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत जनुकभेदांचे अभ्यास केलेले आहेत. साताऱ्याचे आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय १९१६ पासून चालू आहे, आणि दोन वैद्यकांचा संवाद हा त्याच्या नावातच आहे. मिरजेत तर १८९४ मध्ये वानलेस यांनी स्थापिलेल्या रुग्णालयापासून शल्यकर्माची परंपरा आहे. कराडची प्रयोगशाळा, साताऱ्याचे महाविद्यालय आणि मिरजेचे शल्यविशारद यांच्यात अंतर रेल्वेच्या एका सकाळचे आहे. प्रत्यक्षातले अंतर मात्र मनाचे आहे, आणि ते आपल्या बाजूनेही आहे हे मान्य करावयास हवे.

यावर एक आक्षेप येईल. प्रत्येक लाल मूत्राचा रुग्ण मिरजेला पाठवायचा तर आपण करायचे काय? आमचे उत्तर असे की, पाठवणे हीदेखील चिकित्साच आहे, आणि पाठवल्याने रुग्ण तुटत नाही. गाठ काढल्यानंतर, बीसीजीचे द्रावण मूत्राशयात सोडण्याच्या उपचारांच्या काळात होणारा दाह, अग्निमांद्य, निद्रानाश, दौर्बल्य यांत आपले काम पुष्कळ आहे. मात्र ते शल्यविशारदास कळवून, त्याच्या औषधांशी विरोध होणार नाही असे पाहून करावे. विडी सोडवण्याचे काम तर आपल्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही, कारण रुग्ण आपले ऐकतो. खर्चाच्या भीतीने जो जात नाही त्याला महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत हे सांगावे आणि शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन जाण्यास बजावावे. जो संकोचाने जात नाही त्याच्या मुलाशी बोलावे.

दोन्ही जिल्ह्यांतील शाखांनी एक छोटे काम हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी जनुकपरीक्षेची आवश्यकता नाही, निधीची नाही, कोणाच्या परवानगीचीही नाही. चाळिशी ओलांडलेल्या, लघवीवाटे रक्त गेलेल्या प्रत्येक रुग्णासाठी नाव न लिहिता एक कार्ड ठेवावे. त्यावर चार तारखा असाव्यात : रक्त प्रथम दिसले ती, रुग्ण आपल्याकडे प्रथम आला ती, आपण त्यास दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवले ती, आणि तपासणी प्रत्यक्ष झाली ती. खाली विडी किती वर्षे, व्यवसाय कोणता, पूर्वी कोणती औषधे घेतली आणि शेवटी निदान काय झाले, एवढेच. वर्षअखेरीस कार्डे एकत्र करून दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेतील दिवस मोजावेत आणि तो आकडा, जो काही येईल तो, याच त्रैमासिकात छापावा.